तिरपे ऊन, रस्ता आणि सावलीची खूण

(रस्ता सुरक्षेनिमित्त शिक्षक, वाहनचालक आणि ग्रामस्थ यांच्यासमोर ग्रामपंचायतीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



रस्त्यावरील सुरक्षिततेविषयी बोलावयास कोणी उभा राहिला की पुढची वाक्ये श्रोत्यांना आधीच ठाऊक असतात. वेग आवरा, मद्यप्राशन करून वाहन चालवू नका, शिरस्त्राण घाला, दुचाकीवर तिघे बसू नका. ही वाक्ये खरी आहेत आणि ती पुनःपुन्हा सांगावी लागतात, हे आपणा सर्वांचे दुर्दैव आहे. परंतु आज त्यांपैकी एकही विषय मी घेणार नाही. ज्याला आपण सकाळी उठून नमस्कार करतो, ज्याच्या नावाने माघ महिन्यात रथसप्तमी साजरी करतो, त्या सूर्याविषयी मला बोलावयाचे आहे.

सूर्यामुळे अपघात होतो असे म्हटले की प्रथम हसू येते. अपघात व्हावयाचा तो अंधारात, पावसात किंवा धुक्यात, अशी आपली समजूत असते. प्रसिद्धीच्या कामात असल्यामुळे मला वृत्तपत्रांची कात्रणे रोज वाचावी लागतात. अपघाताच्या बातमीत 'चालकाचा ताबा सुटल्याने' हे शब्द इतके ठरून गेले आहेत की ते छापखान्यात तयारच ठेवलेले असावेत असे वाटते. सकाळी पावणेआठ वाजता, कोरड्या रस्त्यावर, रात्रभर नीट झोपलेल्या माणसाचा ताबा का सुटावा, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. त्या क्षणी सूर्य कोठे होता, हे बातमीत कधीच येत नाही.

आपल्या भाषेने या उन्हाला फार गोड नाव दिले आहे : कोवळे ऊन. अंगणात बसून ते अंगावर घ्यावे, तान्ह्या बाळाला त्यात न्यावे, म्हाताऱ्यांनी त्याकडे पाठ करून बसावे. पाठ करून बसण्यात काही धोका नाही. धोका आहे तो त्याच्याकडे तोंड करून ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाण्यात.

मी कलाशाखेचा पदवीधर. गणिताशी माझे कधी फारसे जमले नाही. तरीही या विषयात थोडे आकडे घेतल्यावाचून गत्यंतर नाही. सूर्य क्षितिजापासून साधारण पंधरा अंशांच्या आत असतो, तेव्हा तो मोटारीच्या काचेतून थेट चालकाच्या डोळ्यांत उतरतो. पंधरा अंश म्हणजे किती? हात पुढे ताठ करून मूठ वळली, तर ती आकाशातील सुमारे दहा अंशांचा भाग झाकते. म्हणजे दीड मुठीच्या आत सूर्य असला की तो डोळ्यांत जाणारच. लंडनसारख्या उत्तरेकडील शहरात डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम पंधरा अंशच वर येतो, त्यामुळे तेथील चालकांना हा त्रास दिवसभर असतो. आपल्याकडे पणजीत त्याच दिवशी दुपारी तो ५१ अंशांवर असतो. म्हणून आपला धोका दिवसभराचा नव्हे. तो सकाळच्या एका तासात आणि संध्याकाळच्या एका तासात साठून राहिलेला असतो.

मग उन्हाळ्यात आणि पावसाळ्यातही सूर्य उगवतो व मावळतो, त्याचे काय? सूर्य सगळ्याच ऋतूंत क्षितिजावरून वर येतो, हे खरे. पण आपले घड्याळ ऋतूप्रमाणे बदलत नाही. जूनमध्ये गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि आठ वाजेपर्यंत चांगला पंचवीस अंश वर चढलेला असतो. शिवाय तेव्हा आभाळ बहुधा भरलेलेच असते. डिसेंबर-जानेवारीत तो सातच्या सुमारास उगवतो, आणि आठ वाजता, म्हणजे मुले शाळेत पोचण्याच्या आणि कारखान्यांतील पाळ्या बदलण्याच्या सुमारास, तो जेमतेम अकरा ते तेरा अंशांवर असतो. आभाळ निरभ्र असते. संध्याकाळी सूर्य सहाच्या सुमारास मावळत असल्यामुळे पाचनंतरचा तास तसाच. कचेऱ्या सुटण्याची आणि बाजाराला निघण्याची हीच वेळ. संक्रांत झाली की दिवस मोठा होतो आणि संकट टळले, असे कोणी समजू नये. दिवस मोठा होतो तो संध्याकाळच्या बाजूने. गोव्यातील सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिराच होत जातो.

दुसरी गोष्ट दिशेची. सूर्य पूर्वेला उगवतो हे आपण पहिलीत शिकलो. डिसेंबरात तो नेमक्या पूर्वेला उगवत नाही. आपल्या गोव्यात तो पूर्वेच्या दक्षिणेस सुमारे चोवीस अंश सरकून उगवतो आणि तितकाच सरकून पश्चिमेस मावळतो. शिक्षकांनी गोव्याचा नकाशा घ्यावा आणि पणजीपासून फोंड्यापर्यंत पट्टी ठेवून पाहावी. पट्टी आग्नेयेकडे कलते, आणि तो कल हिवाळ्यातील सूर्योदयाच्या दिशेशी जवळजवळ जुळतो. रस्ता वळणे घेतो, मध्ये टेकड्या येतात, झाडी येते. पण एकंदर प्रवास सकाळी सूर्याच्या तोंडावरच होतो. तीच पट्टी साखळीवरून पणजीकडे ठेवली तर ती हिवाळ्यातील सूर्यास्ताकडे बोट दाखविते. म्हणजे साखळीकडून संध्याकाळी राजधानीकडे येणाऱ्याची तीच गत. सत्तरी आणि धारबांदोड्याकडे सह्याद्रीच्या रांगेमुळे सूर्य उशिरा दिसतो. पण दिसतो तेव्हा डोंगराच्या कडेवरून एकाएकी समोर येतो, आणि अनमोडच्या चढणीवर तर एखाद्या वळणानंतर तो रस्त्याच्या माथ्यावरच बसलेला असतो. गाडीचे तोंड चढावर असल्यामुळे तेथे सावलीची झडपही उपयोगी पडत नाही.

आणखी एका रस्त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा जुना बांधरस्ता पोर्तुगीज अमदानीत १६३३-३४ साली बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा हा रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि त्याच्या दोहों बाजूंना पाणी आहे : एकीकडे मांडवी, दुसरीकडे मिठागरांची सखल जमीन. ज्यांनी तो बांधला त्यांच्या काळी त्यावरून माणसे पायी, पालखीत किंवा घोड्यावर जात. सूर्य डोळ्यांवर आला तर घोडा आपोआप मंदावत असेल. आज तेथून जाताना सकाळी पूर्वेकडे दोन सूर्य दिसतात, एक आकाशात आणि एक पाण्यात. आकाशातला सूर्य झडपेने झाकता येतो. पाण्यातला खालून येतो. त्याला झडप नाही. अशा ठिकाणी पोलरॉइड काचांचा चष्मा खरोखर उपयोगी पडतो, कारण पाण्यावरून आणि ओल्या डांबरावरून परतणारा प्रकाश तो बराचसा अडवितो. साधा काळा चष्मा सगळेच काळोखे करतो. तो लावून झाडीच्या सावलीत शिरले की समोरचा माणूस आणखीच नाहीसा होतो.

आता प्रत्यक्ष डोळ्याचे काय होते ते पाहू. प्रखर प्रकाश डोळ्यांत शिरला की तो आतल्या आत विखुरतो आणि दृश्यावर दुधी पडदा पसरतो. चाळिशी ओलांडलेल्या माझ्यासारख्यांच्या डोळ्यांत हा पडदा तरुणांपेक्षा दाट होतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात झालेल्याला तर तो आणखी दाट दिसतो. पुढे रस्त्यावर वडाची किंवा आंब्याची गर्द सावली आली की डोळ्यांना अंधाराशी जुळवून घेण्यास काही सेकंद लागतात. ताशी पन्नासच्या वेगाने मोटार एका सेकंदात सुमारे चौदा मीटर जाते. तीन सेकंदांत बेचाळीस मीटर! तेवढ्या अंतरात शाळेचे फाटक, बसथांबा आणि रस्त्यात बसलेली गाय, सगळे येऊन जाते.

काचेवर आणखी एक पडदा असतो आणि तो आपण स्वतः लावलेला असतो. पावसाळा संपला की आपल्या जांभ्या मातीची तांबडी धूळ काचेवर बसते. झिजलेला वायपर ती घासून काचेवर धनुष्याकृती ओरखडे काढतो. आतल्या बाजूने तर काच कोणी पुसतच नाही. गाडीत रोज उदबत्ती लावली जाते (ती लावू नये असे मी म्हणत नाही), पण तिच्या धुराचा चिकट थर समोरच्या काचेवर आतून बसतो. दुपारी तो दिसत नाही. सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सूर्य त्यावर पडला की संपूर्ण काच पेटल्यासारखी होते आणि पलीकडचा रस्ता नाहीसा होतो. ओल्या स्वच्छ फडक्याने काच आतून आणि बाहेरून रोज पुसणे, हा या विषयातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. समोर लोंबणारे हार, झुंबरे आणि देवांच्या चिकटचित्रांची गर्दीही तेथून हलवावी. देवाला फळीवर जागा आहे. काचेवर काळी फित चिकटविणे हा उपाय नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान सत्तर टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान पन्नास टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे.

दुचाकीस्वाराला तर झडपही नसते. शिरस्त्राणाच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडे पडले असतील तर तो बदलून घ्यावा. त्याला फार पैसे पडत नाहीत. आपले पायलट बांधव, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींवरून प्रवासी नेणारे, दिवसातून कितीदा तरी याच वेळी रस्त्यावर असतात. त्यांना माझी विशेष विनंती आहे, कारण त्यांच्या मागे बसलेल्या माणसाचा जीवही त्यांच्याच डोळ्यांवर अवलंबून असतो.

येथवर मी चालकाविषयी बोललो. परंतु या विषयाचा खरा गाभा चालकाच्या पलीकडे आहे. फोंडा तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांना काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात सकाळी फिरताना मोटारीची धडक बसली. पाय मोडला, जीव वाचला. गाडी चालविणारा त्याच गावचा, मास्तरांचाच जुना विद्यार्थी. वेग फार नव्हता, व्यसन नव्हते. तो इस्पितळात येऊन रडला आणि एवढेच म्हणाला, "सर, तुम्ही मला दिसलाच नाहीत." मास्तरांना ते पटेना. "अरे, मला तर तुझी गाडी लांबून स्पष्ट दिसत होती. काचेवरचा नंबरसुद्धा मी वाचला असता." मास्तर रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, शिस्तीने चालले होते. नियमाप्रमाणे त्यांनी सगळे बरोबर केले होते.

दोघेही खरे बोलत होते. मास्तर पश्चिमेकडे चालले होते; सूर्य त्यांच्या पाठीशी होता आणि त्याचा सगळा प्रकाश समोरून येणाऱ्या मोटारीवर पडला होता. म्हणून मोटार त्यांना आरशासारखी लख्ख दिसत होती. मोटारीतील मुलाच्या डोळ्यांत मात्र तोच सूर्य होता, आणि त्या झगझगाटात मास्तर म्हणजे एक काळी रेघ. सूर्य पाठीशी असतो तेव्हा आपल्याला सगळे जग उत्तम दिसते. ज्याला आपण सर्वांत स्पष्ट पाहतो, त्याला आपण मुळीच दिसत नसतो. पायी चालणाऱ्याला, सायकलस्वाराला, आणि सूर्य पाठीशी असलेल्या मोटारचालकालाही हे उमगत नाही, कारण त्याला स्वतःला काहीच अडचण जाणवत नाही.

यासाठी एक खूण सांगतो. तिला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही. आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीच्या चौपट किंवा त्याहून लांब असेल, तर सूर्य धोक्याच्या उंचीवर आहे असे समजावे. मग ती कोणाकडे पडली आहे ते पाहावे. सावली ज्या वाहनाकडे पसरली आहे, त्या वाहनाच्या चालकाला आपण दिसत नाही. डिसेंबरात सकाळी आठ वाजता आपली सावली उंचीच्या चौपटीहून अधिक असते; जूनमध्ये त्याच वेळी ऊन पडले तर ती दुपटीच्या आसपास भरते. सावली समोरून येणाऱ्या गाडीकडे असली की आपण त्या गाडीला अदृश्य आहोत असे धरून चालावे. रस्त्याची कड सोडून मातीच्या पट्ट्यावर उतरावे, मुलाचा हात धरावा, आणि गाडी जाईपर्यंत रस्ता ओलांडू नये. "तो मला पाहून थांबेल" हा हिशेब त्या तासात चालत नाही.

येथे कोणी विचारील की भडक रंगाचे कपडे घातले तर? सूर्य पाठीमागे असता तांबडा सदरा आणि काळा सदरा सारखाच काळा दिसतो. चमकणाऱ्या पट्ट्यांचेही तेच. त्या पट्ट्या गाडीच्या दिव्याचा प्रकाश परत फेकतात, म्हणून रात्री त्या जीव वाचवितात. समोरून सूर्य डोळ्यांत असलेल्या चालकाला त्यांचा उपयोग जवळजवळ होत नाही. बेळगावला जाताना नोव्हेंबरपासून उसाने भरलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. त्यांना मागे तांबड्या चकत्या लावणे आवश्यकच आहे, पण संध्याकाळी पश्चिमेकडे जाणाऱ्या ट्रॉलीच्या मागे असलेल्याला त्या चकत्या दिसतील ते सूर्य बुडाल्यावर.

या वेळी रस्त्यावर असते कोण, याचाही विचार करावा. पाव घेऊन सायकलवरून येणारा पोदेर सकाळी आणि संध्याकाळी नेमका याच वेळी वाड्यावाड्यांतून फिरतो. त्याच्या भोंग्याने आपल्याला जाग येते, पण मोटारीच्या बंद काचांतून तो भोंगा ऐकू येत नाही. शाळेची मुले असतात, मासळी घेऊन निघालेल्या बायका असतात, गुरे असतात. २४ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची नोव्हेना सुरू होते. ३ डिसेंबरच्या फेस्तापर्यंत पहाटेपासून भाविक पायी येतात, आणि त्यांतले पुष्कळ गोव्याबाहेरून आलेले असतात. पुढे देवळांच्या जत्रा सुरू होतात. भाड्याच्या दुचाकीवरील पर्यटक असतो, ज्याला पुढचे वळण ठाऊक नसते. या सर्वांचा आणि तिरप्या उन्हाचा हंगाम एकच आहे.

चालकांसाठी आणखी थोडे. डोळे दिपले की पहिली ऊर्मी ब्रेक दाबण्याची होते. ती आवरावी, कारण मागच्याचेही डोळे तितकेच दिपलेले असतात. पाय हलका करून वेग हळूहळू उतरवावा, दृष्टी रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवावे. काहीच दिसेनासे झाले तर रस्त्यातच न थांबता डावीकडे मातीवर उतरून थांबावे. पुढच्या गाडीला ओलांडण्याचा विचार त्या तासात सोडून द्यावा. सूर्य पाठीशी असेल तर पुढच्या गाडीच्या मागील तांबड्या काचांवर ऊन पडून त्या पेटल्यासारख्या दिसतात. ब्रेक लागला आहे की नाही ते कळत नाही. चौकातील सिग्नलचेही कधी कधी तसेच होते. पूर्वी बसचालक हात बाहेर काढून इशारा करीत असत. ती पद्धत मागे पडली याची मला अशा वेळी हळहळ वाटते.

आणि दिवा. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. समोरून येणारा मनुष्य अजूनही बोटांची उघडझाप करून "दिवा राहिला" असे प्रेमाने सांगतो. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तो दिवा राहिलेला नसतो, लावलेला असतो. सूर्य पाठीशी असलेल्या वाहनाचा दिवा समोरच्याला थोडी तरी मदत करतो. जुन्या दुचाकी आणि मोटारी असणाऱ्यांनीही त्या तासात तो लावावा.

ज्यांना आपली वेळ थोडी हलविता येते, त्यांनी ती हलवावी. हिवाळ्यात सूर्य तासाला सुमारे तेरा अंश चढतो. वीस मिनिटांत तो चार अंश वर येतो, आणि तेवढ्यात बहुतेक गाड्यांच्या झडपेआड जातो. शाळांच्या बाबतीत डिसेंबर-जानेवारीपुरती वेळ वीस मिनिटे पुढे नेता येईल काय, हा विचार पालक-शिक्षक संघांनी करून पाहण्यासारखा आहे. त्यात बसगाड्यांच्या वेळांची अडचण आहे, हे मला मान्य आहे.

शिक्षकांना शेवटची विनंती. शाळेच्या मैदानात एक मीटर उंचीची काठी सरळ रोवावी आणि सकाळी शाळा भरताना मुलांकडून तिची सावली मोजवून घ्यावी. चार मीटरपेक्षा लांब भरली तर त्या दिवशीची तारीख फळ्यावर तांबड्या खडूने लिहावी. मग त्याच मुलांना आपल्या वाड्यावरील रस्त्यांची यादी करायला सांगावी : कोणत्या वळणावर सकाळी सूर्य डोळ्यांत येतो, कोठे संध्याकाळी, आणि कोठे उन्हातून गाडी एकदम झाडांच्या सावलीत शिरते. ही ठिकाणे मुलांना आपल्यापेक्षा अधिक नीट ठाऊक असतात, कारण ती तेथून रोज चालत जातात. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी, एक बसचालकांना. गतिरोधकाची, पट्ट्यांची किंवा फांद्या छाटण्याची मागणी पंचायतीला करावयाची असेल, तर तिच्यासोबत ही यादी जोडता येईल. काठीसाठी मैदानाची पूर्वेकडची बाजू मोकळी असलेली जागा निवडावी. इमारतीच्या किंवा झाडाच्या आड सावली पडत नाही.